पाहुणा पैलवान आणि घरचा आखाडा

जून 2025 मध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. सहा फ्रँचायझी, पंधरा दिवसांचा खेळ, आणि विजेतेपद चेन्नई बुल्सकडे. आपल्याकडे रग्बी कोण बघतो, असे म्हणून बहुतेकांनी ही बातमी सोडून दिली असेल. पण त्या लीगची संघरचना सीमाभागातल्या प्रत्येक जत्रा कमिटीने एकदा बघावी अशी आहे. एका संघात तेरा खेळाडू. त्यांतले पाच परदेशातले नामवंत, तीन कॅनडा, जर्मनी, हाँगकाँग अशा रग्बीतल्या मधल्या फळीच्या देशांचे, आणि उरलेले पाच भारतीय. म्हणजे भारतातल्या लीगमध्ये भारतीय खेळाडू निम्म्याहूनही कमी.

यावर दोन मते लगेच पुढे आली. मोठे खेळाडू आल्याशिवाय लोक बघणार नाहीत, लोक बघितल्याशिवाय पैसा येणार नाही आणि पैशाशिवाय आपली पोरे तयार होणार नाहीत, हे एक. ज्या पैशात गावोगाव मैदाने आणि शिक्षक उभे राहिले असते तो चार दिवसांच्या पाहुण्यांवर जातो, हे दुसरे. दोन्ही मतांत तथ्य आहे, म्हणून हा वाद नुसत्या घोषणांनी सुटत नाही.

रग्बी आपल्यापासून दूर असली तरी हा वाद आपल्या दारातलाच आहे. यात्रेचा हंगाम सुरू झाला की बेळगावच्या आनंदवाडीपासून तालुक्यातल्या गावांपर्यंत आणि तिकडे निपाणी, चिकोडी भागात कुस्ती मैदानांची पोस्टरे लागतात. पहिल्या क्रमांकाच्या जोडीत एक फोटो पंजाबचा, हरियाणाचा, आणि अलीकडे इराणचा असतो. फोटो मोठा, नाव मोठे, मानधनही मोठे. पोस्टरच्या तळाला बारीक अक्षरात पन्नास-साठ नावे असतात. ती आपल्या तालमींतल्या पोरांची.

मुळे न धरलेला खेळ

केवळ बाहेरच्या माणसांवर उभा राहिलेला खेळ किती टिकतो, याचे जुने उदाहरण आपल्याच देशात आहे आणि तेही रग्बीचेच. 1873 साली कलकत्त्यात इंग्रजांनी एक रग्बी क्लब काढला. खेळणारे सगळे तेच : फौजेतले आणि व्यापारी. फौजेची तुकडी हलली, बाकीचे टेनिस आणि पोलोकडे वळले, आणि पाच वर्षांत क्लब बंद पडला. शिल्लक रक्कम बँकेतून चांदीच्या रुपयांत काढली गेली, ते रुपये वितळवून एक चषक घडवला गेला आणि तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेला भेट म्हणून पाठवला गेला. 'कलकत्ता चषक' या नावाने इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्यासाठी खेळतात. खेळ इथला, रुपये इथले, चषक मात्र तिकडे. त्या पाच वर्षांत तिथल्या पोरांना कुणी मैदानात घेतलेच नव्हते.

याच्या उलट उदाहरण ओडिशाचे. भुवनेश्वरच्या 'किस' या आदिवासी मुलांच्या निवासी शाळेने रग्बी शिकवायला घेतली, आणि 2007 मध्ये त्या शाळेच्या चौदा वर्षांखालील संघाने लंडनमधली आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकली. मुले इथली, खेळ परका. खेळ कुठून आला यापेक्षा तो कुणाच्या हाती दिला, हे महत्त्वाचे ठरले.

पाहुणे येतात तेव्हा कोण शिकते?

प्रो कबड्डी 2014 मध्ये सुरू झाली तेव्हा कबड्डीत आपल्याला कोण हरवणार, अशी सगळ्यांची समजूत होती. आशियाई स्पर्धांत 1990 पासून 2014 पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदके भारताची. लीगने इराणच्या खेळाडूंना बोलावले. 2018 च्या लिलावात फजल अत्राचलीला यू मुंबाने 1 कोटी रुपयांना घेतले. त्याच वर्षी जकार्तात उपांत्य सामन्यात इराणने भारताला 27-18 असे हरवले आणि सुवर्णपदकही नेले. आपल्या मैदानावर, आपल्या पोरांसमोर वर्षानुवर्षे खेळून पाहुण्यांनी आपले सगळे डाव पाहून घेतले होते. त्यात त्यांची चूक काहीच नाही. शिकायला आले, शिकून गेले.

आता याच लीगमधली दुसरी बाजू. पुणेरी पलटणने आपली युवा अकादमी चालवली, तिथून आलेल्या पोरांना मुख्य संघात जागा दिली, आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या कप्तानीखाली दहाव्या हंगामाचे विजेतेपद मिळवले. त्या संघात इराणचा मोहम्मदरझा शादलुईही होता, 2 कोटी 35 लाखांचा. पाहुणा आणि घरचा एकत्र खेळले आणि दोघांचे चांगले झाले. कारण पाहुण्यावर पैसा घालण्याआधी घरची फळी तयार होती.

फुटबॉलमध्ये उलटे घडले. इंडियन सुपर लीगच्या सुरुवातीच्या हंगामांत मैदानावर अकरांत सहा परदेशी चालत असत. साहजिकच प्रत्येक संघाने गोल करण्याची मधली जागा परदेशी खेळाडूकडे दिली. भारतीय पोरे कडेने धावत राहिली. पुढे नियम बदलून परदेशी चारांवर आले, पण सुनील छेत्रीनंतर गोल करणारा कोण, हा प्रश्न देशापुढे राहिलाच. ज्या जागेवर खेळायलाच मिळत नाही, त्या जागेचा खेळाडू तयार कसा होणार? हॉकीने यातून धडा घेतलेला दिसतो. नव्याने सुरू झालेल्या हॉकी इंडिया लीगमध्ये चोवीस जणांच्या संघात सोळा भारतीय, त्यांत चार कनिष्ठ गटातले, असे बंधन आहे. परदेशी आठच.

या सगळ्यातून एकच गोष्ट हाती लागते. पाहुण्याला बोलावताना घरच्यासाठी काय राखून ठेवले, हे कागदावर ठरलेले असेल तर पाहुणा उपयोगी पडतो. ठरलेले नसेल तर तो येतो, खेळतो आणि जातो.

'स्थानिक' म्हणजे कोण?

सीमाभागात राहणाऱ्यांनी 'स्थानिक' हा शब्द जरा जपून वापरावा. या शब्दाची धार आपल्यावरही चालते. निपाणीच्या तंबाखू पट्ट्यातला पोरगा चाळीस किलोमीटरवर कोल्हापूरच्या तालमीत सराव करतो आणि निवडीसाठी कर्नाटकच्या बाजूने उभा राहतो. कोल्हापुरात तो 'बेळगावकडचा', बेंगळुरात 'मराठी'. उद्या प्रत्येक मैदानाने फक्त आपल्या गावचे, आपल्या राज्याचे असा नियम केला तर सगळ्यात आधी बाहेर राहील तो आपलाच पोरगा.

कुस्तीचा इतिहासही हेच सांगतो. शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबाग मैदान बांधले आणि उत्तरेकडच्या नामांकित मल्लांना तिथे बोलावले. त्यांना पाहून, त्यांच्याशी लढून कोल्हापूरची कुस्ती मोठी झाली. 1966 चे महाराष्ट्र केसरी दीनानाथसिंह मूळ उत्तर प्रदेशचे. कोल्हापुरात आले आणि तिथलेच झाले. त्यांच्या पाठोपाठ 1967 आणि 1968 ची गदा आणली आपल्या बेळगावकडच्या चंबा मुतनाळ यांनी. बेळगाव म्हैसूर राज्यात जाऊन तेव्हा दहा वर्षे उलटली होती, तरी त्यांना कुणी परका म्हटले नाही. 1969 चे हरिश्चंद्र बिराजदार लातूर जिल्ह्यातले, घडले कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत. 1970 मध्ये त्यांनी राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. दिल्लीच्या सतपालला त्यांनी आस्मान दाखवले ते आपल्या बेळगावातच. त्या कुस्तीच्या आठवणी जुने शौकीन अजून सांगतात. नंतर पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत बसून त्यांनी पोरे घडवली. त्यांचा शिष्य राहुल आवारे 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला.

दीनानाथसिंह आणि बिराजदार, दोघेही बाहेरून आले आणि दोघांनीही शिष्य मागे ठेवले. आजचा पाहुणा पैलवान सकाळी उतरतो, रात्री लढतो आणि पहाटे पुढच्या मैदानाला निघतो. दोष त्याचा नाही. त्याला थांबा, असे आपण सांगतच नाही.

परका खेळ घरचा कसा होतो, याचेही उदाहरण आपल्याकडे आहे. बेळगाव तालुक्यातल्या तुरमुरीची शेतकऱ्याची मुलगी मलप्रभा जाधव ज्युदो शिकली, बेळगावातल्या सरकारी क्रीडा वसतिगृहाच्या केंद्रात. 2018 च्या आशियाई स्पर्धेत कुराश हा उझबेकिस्तानचा कुस्तीप्रकार पहिल्यांदा आला आणि तिने त्यात 52 किलो गटात कांस्यपदक मिळवले. ज्युदो जपानचा, कुराश उझबेकांचा, पदक तुरमुरीचे. तिच्यामागे फ्रँचायझी नव्हती. एक वसतिगृह होते, रोजचा सराव होता आणि वर्षानुवर्षे शिकवणारी माणसे होती.

वर्गणीचा हिशोब

जत्रा कमिट्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. मोठे नाव नसले तर मैदान भरत नाही, मैदान भरले नाही तर पुढच्या वर्षी वर्गणी निघत नाही. हे खरे आहे. दुपारी चार वाजता पोरांच्या कुस्त्या लागतात तेव्हा कडेला त्यांचे आईबाप आणि वस्ताद एवढेच असतात. माणसांचा लोंढा येतो तो दिवे लागल्यावर, शेवटच्या चार जोड्यांसाठी. आणि मोठ्या मल्लाला जवळून पाहिले की पोरांची नजर बदलते, हेही नाकारता येत नाही.

पण हिशोबाची दुसरी बाजूही मांडू. समजा, एका गावाने मैदानासाठी दहा लाख जमवले आणि त्यातले सात लाख वरच्या तीन जोड्यांवर गेले. उरलेल्या तिनात मंडप, दिवे, हलगी, जेवण आणि साठ पोरांची बक्षिसे. पोराच्या हातात पडतात पाचशे, हजार. त्याचा खुराक चालतो घरच्या दुधावर आणि बापाच्या उधारीवर. अठरा-एकोणीस वर्षांचा झाला की तो हिशोब घालतो आणि औद्योगिक वसाहतीत कामाला लागतो. तालमीतला एक आखाडा असाच रिकामा होत जातो. तालीम बंद पडली की तिथे मंडळाचे कार्यालय होते किंवा जिम होते. त्यानंतर पाहुणा लढणार कुणाशी? दोन्ही बाजूंना पाहुणेच, आणि आपण फक्त तिकीट काढून बघणारे.

म्हणून पाहुण्यांना बंदी घालण्याची मागणी करण्यात अर्थ नाही. अटी घालाव्यात. आपल्या मंडळाचे सभासद वेगवेगळ्या गावांच्या कमिट्यांवर आहेत. त्यांनी पुढच्या हंगामाआधी पाच गोष्टींचा विचार करावा.

पहिली, एकूण इनामाचा किमान तिसरा हिस्सा परिसरातल्या तालमींच्या पोरांसाठी आधीच बाजूला काढून ठेवावा, आणि तो पोस्टरवर छापावा. छापले की मागे फिरता येत नाही.

दुसरी, पाहुण्याशी बोलणी करतानाच दोन दिवसांचा मुक्काम ठरवावा. एक पहाट त्याने गावच्या तालमीत पोरांबरोबर काढावी. मानधनात थोडी भर पडेल, पण मैदानाच्या अर्ध्या तासापेक्षा ती पहाट पोरांच्या जास्त कामी येईल.

तिसरी, स्थानिक कोण हे आधारकार्डावरून न ठरवता तालमीवरून ठरवावे. जो आपल्या वस्तादाकडे दोन वर्षे घाम गाळतो तो आपला. मग तो चंदगडचा असो, खानापूरचा असो की विजापूरचा.

चौथी, मुलींच्या कुस्त्या दुपारच्या उन्हात उरकू नयेत. निदान एक जोड दिव्यांखाली, भरल्या मैदानात लावावी. तुरमुरीच्या पोरीने पदक आणून दाखवले आहे, आता पाहणाऱ्यांनी बसायला हवे.

पाचवी आपल्यासाठीच. पुण्या-मुंबईत, बेंगळुरात स्थिरावलेले आपले बरेच सभासद गावच्या जत्रेला मोठ्या जोडीसाठी वर्गणी देतात, पोस्टरवर नाव येते. तेवढ्याच पैशात एका पोराचा निदान काही महिन्यांचा खुराक निघतो. त्याला पोस्टर नाही, सत्काराचा फेटा नाही. दहा सभासदांनी मिळून एक पोर वर्षभरासाठी घेतला तरी एका तालमीतला एक पैलवान अठराव्या वर्षी घरी बसणार नाही.

रग्बी लीगवाल्यांनी पाच भारतीयांच्या जागा निदान लिहून ठेवल्या आहेत. त्या पुरेशा आहेत की नाहीत यावर वाद घालता येतो, कारण आकडा समोर आहे. आपल्या मैदानांचा तसा आकडा कुठेच लिहिलेला नाही. येत्या महाशिवरात्रीनंतर मैदानांच्या बैठका बसतील. मानधनाचा विषय निघण्याआधी कुणीतरी उठून विचारावे, आपल्या पोरांसाठी किती?