रक्तात आहे, म्हणजे काय?



सोयरीक जुळवायला पाहुणे येतात. जमीन किती, पाणी कुठले, मुलगा कितवी शिकला, हे सारे उघड विचारतात. एक प्रश्न मात्र ते गावातल्या तिसऱ्याच माणसाला गाठून, आवाज खाली करून विचारतात. "घराण्यात कुणाचे डोके फिरलेले नाही ना?" या प्रश्नामागच्या भीतीत खरे किती आणि खोटे किती, ते आज पाहू. त्यासाठी अमेरिकेत जाऊ, पण तिथल्या शहरात नव्हे, शेतावर.

पेनसिल्व्हेनिया राज्यात लँकेस्टर नावाचा परगणा आहे. तिथे आमिश हा ख्रिस्ती समाज राहतो. ही माणसे मोटार बाळगत नाहीत, बग्गीतून जातात. शेत घोड्यांनी नांगरतात. विजेची तार घरात घेत नाहीत. दुभती जनावरे, मका, तंबाखू हा त्यांचा संसार. अठराव्या शतकात युरोपातून आलेल्या थोड्याशा कुटुंबांचा हा सगळा विस्तार. लग्ने आपसांत होतात, घरात मुले पुष्कळ, आणि वंशावळी नीट लिहून ठेवलेल्या. आपल्याकडे हेळवी येऊन पिढ्यांची नावे वाचतो, तशीच ही वही समजा.

या समाजात काही घरांत एक आजार पुन्हा पुन्हा दिसे. माणूस काही आठवडे उधाण आल्यासारखा वागे. झोप नको, बोलणे थांबेना, पैसा हातात टिकेना. मग काही महिने खोल खिन्नतेत जाई, अंथरुणातून उठत नसे. डॉक्टर याला बायपोलर आजार म्हणतात. आमिश लोक आपल्या बोलीत म्हणत, 'सिस इम ब्लूट'. म्हणजे, ते रक्तात आहे.

जॅनिस एगलंड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी हे बोलणे मनावर घेतले आणि १९७६ साली मोठा अभ्यास सुरू केला. साडेबारा हजारांच्या आसपास लोकवस्ती. बाई घरोघरी बसल्या, जुनी कागदपत्रे पाहिली. दारूचे व्यसन तिथे फार कमी असल्याने दारूचा परिणाम कोणता आणि आजार कोणता, हा घोळ नव्हता. रोग ठरवणाऱ्या डॉक्टरांपुढे कागद ठेवताना हा कुणाचा कोण हे कळू दिले जात नसे. नात्यावरून कुणाला आजारी ठरवायचे नाही, हा त्यामागचा हेतू.

आजाराची लक्षणेही त्या मातीतली निघाली. शहरातला रोगी उधळपट्टी करील. आमिश रोगी बग्गीचा घोडा बेफाम पळवी, जनावरांशी दांडगाई करी, सार्वजनिक टेलिफोनवर तासन्‌तास बोले, भलत्याच हंगामात सहलीचे बेत आखी. हे ज्याला कळत नाही, तो डॉक्टर रोग चुकीचा ठरवणारच. तसे झालेही होते. यातल्या बहुतेकांच्या इस्पितळाच्या कागदावर स्किझोफ्रेनिया हा दुसराच रोग लिहिला होता.

पुढे १९८५ साली एक मन हेलावणारा हिशेब छापून आला. १८८० ते १९८० या शंभर वर्षांत तिथे २६ आत्महत्या झाल्या होत्या आणि त्यांतल्या ७३ टक्के फक्त चार घराण्यांतल्या होत्या. मात्र, हा आजार भरपूर असूनही एकही आत्महत्या न झालेली घराणीसुद्धा तिथेच होती. (हे वाचून कुणी आपल्याकडच्या शेतकरी आत्महत्यांचा भार रक्तावर टाकू नये. कर्ज, नापिकी आणि पडलेला भाव ही कारणे रक्ताच्या तपासणीत सापडत नाहीत.)

मग १९८७ साली 'नेचर' या नियतकालिकात बातमी आली की, एगलंडबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका आमिश घराण्यात या आजाराशी जोडलेली जागा अकराव्या गुणसूत्रावर सापडली. जगभर गाजावाजा झाला. वेडाचे बी सापडले, असे लोकांना वाटले. त्याच अंकात आइसलँडच्या घराण्यांचा तपासही होता आणि त्यात ती जागा जुळत नव्हती. पण त्याकडे लक्ष कोण देतो!

दोनच वर्षांनी, १९८९ साली, जॉन केल्सो आणि मंडळींनी तो हिशेब पुन्हा मांडला. मधल्या काळात, निरोगी म्हणून धरलेली दोन माणसे आजारी पडली होती. घराण्याच्या आणखी फांद्याही तपासात घेतल्या होत्या. बेरीज कोसळली. ती जागा आता टिकत नाही असे त्यांनी त्याच 'नेचर'मध्ये छापले, आणि ते छापणाऱ्यांत एगलंडबाईही होत्या. माझ्या मते या साऱ्या कथेत हा भाग सर्वांत मोलाचा.

मग 'रक्तात आहे' हे खोटे का? नाही. फक्त ते एका दाण्यात नाही. वाटाण्याच्या फुलाचा रंग एका जनुकावर ठरतो, हे मेंडेलने दाखवले. पण एकरी उतारा किती पडेल, ते एका जनुकावर ठरते का? शेकडो बारीक गुण एकत्र येतात, शिवाय पाऊस, खत, कीड आहेच. मनाच्या आजाराचे तसेच आहे. २०२५ साली 'नेचर'मध्येच दीड लाखाहून अधिक बायपोलर रोग्यांचा अभ्यास आला. त्यात एक नव्हे, २९८ जागा निघाल्या. प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. त्यातल्या काही तुमच्याआमच्या अंगातही असणारच.

आता पाहुण्यांच्या प्रश्नाकडे वळू. हा आजार साधारणपणे शंभरात एकाला होतो. आई किंवा बाप आजारी असेल तर मुलांत तो शंभरात दहाच्या आसपास जातो. धोका वाढतो हे खरे. पण नव्वद मुले सुटतात, हेही त्याच आकड्यात आहे. अगदी एकसारख्या जुळ्या भावंडांतही एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असे नाही. तेव्हा चुलत्याच्या आजारावरून पुतणीचे लग्न मोडणे याला हिशेब म्हणता येत नाही.

आणि लपवल्याने नुकसान आपलेच होते. घरात कुणी आठ दिवस झोपेवाचून उधाणात असेल, किंवा जगणे नको म्हणत असेल, तर देवऋषी आणि उताऱ्यात दिवस घालवू नका. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारने तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येते. डॉक्टरकडे जाल तेव्हा आजा, आत्या, मामा यांच्यात कुणाला काय झाले होते आणि कोणत्या औषधाने गुण आला, ते मोकळेपणी सांगा. लिथियम नावाचे औषध या आजारावर जुने आणि खात्रीचे आहे. एकाला त्याचा चांगला गुण आला असेल तर त्याच्या रक्ताच्या नात्यातल्या रोग्यालाही येण्याचा संभव अधिक असतो. हे औषध चालू असताना रक्ताची तपासणी वेळच्या वेळी करावी लागते, आणि बरे वाटले म्हणून ते आपल्या मनाने बंद करायचे नसते.