पुन्हा त्याच दारात

दरवर्षी वैद्यकीय महाविद्यालयांत एमबीबीएसच्या नव्या तुकड्या येतात. नीटची झुंज संपवून आलेल्या या मुलामुलींना डिसेक्शन हॉल आणि वसतिगृह लगेच ओळखीचे होतील. उद्या ज्यांच्यावर उपचार करायचे, त्यांच्या घराची ओळख कोण करून देणार?

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामने या प्रश्नाला फार पूर्वी हात घातला. गांधीजींच्या डॉक्टर आणि पुढे केंद्रीय आरोग्यमंत्री झालेल्या सुशीला नय्यर यांनी १९६९ साली, गांधी जन्मशताब्दी वर्षात, तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. आधाराला कस्तुरबा रुग्णालय होतेच. तेथील नवा विद्यार्थी आधी आश्रमात राहतो, प्रार्थना आणि श्रमदान करतो. मग तुकडी जवळचे एक गाव दत्तक घेते, मुले तेथे मुक्कामाला जातात आणि प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपवली जातात. शिबिर संपल्यावरही त्याच घरांत पुन्हा पुन्हा जायचे असते.

खरे शिक्षण या पुन्हा जाण्यात आहे. पहिल्या भेटीत घरातल्या एखाद्या बाईचा रक्तक्षय कळतो आणि लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. पुढच्या भेटीत गोळ्या तशाच पडलेल्या दिसतात. त्याहीनंतर, ओळख मुरल्यावर, ती बाई सांगते की गोळीने मळमळते आणि उपाशीपोटी कापूस वेचायला जावे लागते. ओपीडीच्या दोन मिनिटांत हे कधीच समजत नाही.

गावाने नुसते तपासून घ्यावे, असेही सेवाग्रामने मानले नाही. डॉ. उल्हास जाजू आणि सहकाऱ्यांनी उभारलेल्या आरोग्य विम्यात शेतकरी सुगीनंतर ऐपतीप्रमाणे ज्वारी देत आणि रुग्णालयातील उपचारांवर हक्क मिळवत. ज्याने वर्गणी भरली तो जाबही विचारू शकतो.

देशाला ही दिशा अपरिचित नव्हती. भोर समितीने १९४६ मध्येच समाजाभिमुख डॉक्टर घडवण्याचा आग्रह धरला होता. प्रत्येक महाविद्यालयाने तीन विकासगटांची जबाबदारी घ्यावी, अशी योजना १९७७ मध्ये आली. ती बहुतेक ठिकाणी रुजली नाही. आता राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कुटुंब दत्तक कार्यक्रम अभ्यासक्रमात आणला आहे. निर्णय स्वागतार्ह आहे, पण बसमधून जायचे, रक्तदाब मोजायचा, लॉगबुकवर सही घ्यायची आणि परतायचे, एवढ्यावर हा कार्यक्रम थांबला तर त्याचीही तीच गत होईल.

हे टाळायचे तर तीन गोष्टी हव्यात. कुटुंबे मध्येच बदलू नयेत. विद्यार्थ्यांबरोबर अध्यापकांनी गावात जावे, आणि तेही केवळ जनऔषधवैद्यक विभागाचे नव्हे. औषधवैद्यक, बालरोग, स्त्रीरोग या विभागांचेही. तपासणीत आजार सापडला, तर त्या माणसाला महाविद्यालयाच्या रुग्णालयात उपचार मिळेपर्यंत जबाबदारी संपू नये.

आणि वर्षाकाठी महाविद्यालयाने ग्रामसभेपुढे उभे राहून सांगावे: किती घरांत गेलो, काय आढळले, कोणाला बरे करू शकलो, कोणाला नाही. गाव विद्यार्थ्याला शिकण्यासाठी आपली दुखणी उघडी करून दाखवते. त्या बदल्यात हा हिशेब मागण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.