थंडाव्याचा आकडा कोणी ठरवायचा?

केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल यांनी जून २०२५ मध्ये एक घोषणा केली. वातानुकूलन यंत्रांना २० अंश सेल्सिअसच्या खाली थंडावा देता येऊ नये आणि २८ अंशांच्या वर ऊब देता येऊ नये, असा नियम करण्याचा सरकारचा विचार असल्याचे त्यांनी सांगितले. अशा घोषणेकडे दोन दृष्टींनी पाहता येते. एक म्हणजे, वीजबिल आम्ही भरतो, तेव्हा आमच्या खोलीत किती थंडावा असावा हे सरकारने का ठरवावे? दुसरी म्हणजे, ज्यांना चैन परवडते त्यांना कोणीतरी शिस्त लावावयासच हवी. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु दोन्हींपैकी एकही प्रश्नाच्या मुळाशी जात नाही.

या विषयाला सुरुवात २०२५ मध्ये झाली असे नव्हे. जून २०१८ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने विमानतळ, हॉटेले, मोठी कार्यालये यांना यंत्रे २४ अंशांवर ठेवण्याचे आवाहन केले होते. त्यानंतर १ जानेवारी २०२०पासून असा नियम झाला की, तारांकित वातानुकूलन यंत्र कारखान्यातून बाहेर पडतानाच २४ अंशांवर लावलेले असावे. यात सक्ती नव्हती. ज्याला हवे त्याने बटण दाबून आकडा खाली न्यावा. पण ज्याने काहीच केले नाही त्याच्या वाट्याला शहाणपणाचा आकडा यावा, एवढीच योजना. मनुष्य सहसा समोर आलेला आकडा बदलण्याचे कष्ट घेत नाही, या साध्या निरीक्षणावर ती उभी आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा हिशेब असा की, आकडा एक अंशाने वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. २०२५ची घोषणा याच्या एक पाऊल पुढची आहे. तिच्यात सूचनेची जागा मर्यादेने घेतली आहे.

मर्यादा योग्य की अयोग्य हे ठरविण्यापूर्वी तो आकडा प्रत्यक्षात काय करतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कारण याविषयी सुशिक्षितांतही मोठा गैरसमज आहे. उन्हातून घरी आलेला मनुष्य रिमोट उचलतो आणि खोली लवकर थंड व्हावी म्हणून आकडा १६वर नेतो. नळ अधिक उघडला की पाणी अधिक येते, तसाच हा प्रकार असावा अशी त्याची समजूत असते. वस्तुतः थर्मोस्टॅट हा नळ नव्हे, तो पहारेकरी आहे. कोठे थांबावयाचे एवढेच तो यंत्राला सांगतो. जुन्या पद्धतीचे यंत्र १६ लावले काय आणि २५ लावले काय, त्याच वेगाने चालते. फरक इतकाच की, २५ गाठल्यावर ते थांबते आणि १६ गाठण्यासाठी ते रात्रभर धडपडत राहते. इन्व्हर्टर पद्धतीचे यंत्र उद्दिष्ट जवळ आले की आपला वेग उतरविते व वीज वाचविते. परंतु उद्दिष्टच अशक्यप्राय ठेवले तर ती सोय वाया जाते. विद्युत थर्मोस्टॅटचे पेटंट १८८३ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या वॉरन जॉन्सन यांनी घेतले. ते एका अध्यापक विद्यालयात शिकवीत असत. वर्गातील उष्णतेवर आपोआप लक्ष राहावे, त्यासाठी शिपायाने वर्गोवर्गी फिरावे लागू नये, हा त्यामागचा हेतू. म्हणजे ज्या साधनाचा जन्म वर्गाच्या सोयीसाठी झाला, त्याचा उपयोग कसा करावा हे मात्र आपल्या वर्गांतून कोणी शिकवीत नाही.

आकड्यामागचे गणित शालेय आहे. बाहेर ३८ अंश तापमान असताना आत २४ अंश राखावयाचे तर अंतर १४ अंशांचे होते. १८ अंश राखावयाचे तर तेच २० अंशांचे होते. भिंतींतून, छपरातून आणि काचांतून आत शिरणारी उष्णता ढोबळमानाने या अंतराच्या प्रमाणात असते. म्हणजे सहा अंशांच्या हट्टापायी यंत्राला त्या वाटेने येणारी चाळीस टक्क्यांहून अधिक उष्णता जास्तीची उपसावी लागते.

आता हे गणित बिलावर उतरवून पाहू. एखाद्या कुटुंबाचा मासिक वापर ९० युनिट आहे असे समजा. त्याने दीड टनाचे यंत्र घेतले, २० अंशांवर लावले आणि ते रोज रात्री आठ तास चालविले. तासाला सरासरी एक युनिट धरले तरी महिन्याला २४० युनिटांची भर पडते आणि वापर ३३० युनिटांवर जातो. महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे शंभरपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. टप्पा ओलांडला की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो अशी अनेकांची समजूत असते, ती खरी नाही. वरचा दर वरच्या युनिटांनाच लागतो. परंतु दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार पहिल्याच्या दुपटीहून अधिक आहे आणि तिसऱ्याचा त्याहूनही जास्त. या कुटुंबाने आकडा २० वरून २५वर नेला, तर ब्युरोच्या हिशेबाने सुमारे ६५ युनिट वाचतील. त्यांपैकी ३० तिसऱ्या टप्प्यातील आणि उरलेले ३५ दुसऱ्या टप्प्यातील असतील. तात्पर्य, वाचलेले प्रत्येक युनिट महागाच्या दरातले असते. स्वस्ताच्या शंभर युनिटांना धक्का लागत नाही. ज्या घरात महिन्याचा पगार तारखांच्या हिशेबाने पुरवावा लागतो, तेथे ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

या बचतीसाठी घामाघूम होण्याचीही गरज नाही. छताचा साधा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. आठ तासांत त्याचा खर्च अर्ध्या युनिटाहून थोडा अधिक. नव्या बीएलडीसी पंख्याचा खर्च तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. यंत्रासोबत पंखा मंद चालविला तर हलत्या हवेमुळे दोन-तीन अंशांनी वरचा आकडाही तितकाच सुखद वाटतो. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर जे काम करतो ते यंत्राच्या कितीतरी कमी विजेत होते. मुंबई-कोकणात मात्र तो निरुपयोगी. तेथील हवेत आधीच इतकी ओल असते की, पाणी उडून जाण्यास वावच राहत नाही. सारांश, एकच उपदेश सर्व महाराष्ट्राला लागू पडत नाही.

सरकारांनी आकडे ठरवून देण्याचा प्रयोग जगाला नवा नाही. अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी २ फेब्रुवारी १९७७ रोजी, सत्तेवर येऊन पंधरवडाही झाला नसताना, स्वेटर घालून शेकोटीजवळून राष्ट्राला उद्देशून भाषण केले आणि घरे दिवसा ६५ व रात्री ५५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे १८ व १३ अंश सेल्सिअसवर, ठेवा असे आवाहन केले. १९७९ मध्ये त्यांनी निवासी नसलेल्या इमारतींना सक्तीची मर्यादा घातली. १९८१च्या फेब्रुवारीत रेगन यांनी सत्तेवर येताच ती उठविली. याउलट जपानने २००५ मध्ये कार्यालयांसाठी २८ अंश सुचविले, तेव्हा आकड्याबरोबरच कोट आणि टाय यांनाही उन्हाळ्यापुरती सुट्टी दिली. खुद्द पंतप्रधान कोइझुमी टायविना वावरू लागले आणि ही प्रथा रुजली. युक्रेन युद्धामुळे वायूची टंचाई झाली तेव्हा, २०२२ मध्ये, स्पेनने सार्वजनिक व व्यापारी इमारतींना उन्हाळ्यात २७च्या खाली आणि हिवाळ्यात १९च्या वर जाण्यास मनाई केली. यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. नुसता उपदेश टिकत नाही आणि नुसता नियम सत्तांतराबरोबर जातो. रीत बदलली तरच आकडा बदललेला राहतो. शिवाय स्पेनने आणि १९७९च्या अमेरिकेने सक्ती केली ती कार्यालयांवर व दुकानांवर; घराचा उंबरठा त्यांनी ओलांडला नाही.

हाच आपल्याकडील चर्चेतील कच्चा दुवा आहे. केंद्राच्या २०१९च्या शीतन कृती आराखड्यानुसार त्या सुमारास देशातील शंभरांपैकी आठ घरांतच वातानुकूलन यंत्र होते. ज्याने हप्त्यावर यंत्र घेतले, त्याला बिलाचा धाक पुरेसा असतो. आकडा खाली नेण्याची शिक्षा त्याला दरमहा मिळतेच. परंतु कार्यालय, बँक, मॉल, चित्रपटगृह येथे आकडा ठरविणारा एक, बिल भरणारा दुसरा आणि थंडी सोसणारा तिसरा असतो. मे महिन्यात कारकुनांनी खांद्यावर शाल घेऊन फायली पाहाव्यात, हा देखावा कोणाच्या सुखासाठी? कार्यालयीन तापमानाचे रूढ प्रमाण एका सरासरी पुरुषाच्या शरीरधर्मावर बेतलेले असून स्त्रियांना ते गार पडते, असे डच संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी भारतीय कार्यालयांचा अभ्यास करून असे मांडले की, आपल्याकडील माणसे परदेशी प्रमाणांहून अधिक तापमानात सुखाने काम करतात. तेव्हा मर्यादेचा आरंभ मंत्रालयापासून आणि सरकारी कचेऱ्यांपासून व्हावा, हे न्यायाला धरून होईल.

राष्ट्रीय बाजू नाकारण्याचे कारण नाही. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २,५०,००० मेगावॅटवर पोहोचली. दुपारची गरज भागविण्यास सूर्य साहाय्य करतो. परंतु शयनगृहांतील यंत्रे चालू होतात ती सूर्य मावळल्यावर. तेव्हा भार पडतो तो मुख्यतः कोळशावर. म्हणजे पुण्यातील १८ अंशांच्या खोलीसाठी लागणाऱ्या विजेचा काही भाग चंद्रपूरच्या भट्ट्यांतून येतो, आणि चंद्रपूर हे स्वतः देशातील अतिउष्ण शहरांपैकी एक आहे. थंडावा एकाचा आणि धग दुसऱ्याची, हे या व्यवहाराचे खरे स्वरूप आहे. गल्लीतही तेच घडते. यंत्र उष्णता नष्ट करीत नाही. ती शेजाऱ्याच्या खिडकीकडे ढकलते.

त्याच वेळी थंडावा म्हणजे केवळ चैन, असे म्हणण्याचाही मोह टाळावयास हवा. उष्णतेच्या लाटेत माणसे दगावतात. २०१०च्या लाटेनंतर अहमदाबादला उष्णता कृती आराखडा तयार करावा लागला, तो हौसेखातर नव्हे. सिमेंटच्या छपराखाली सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वृद्धाला, रुग्णाला किंवा तान्ह्या बालकाला काटकसरीचे प्रवचन देणे निष्ठुरपणाचे होईल. त्याची अडचण रिमोटवरच्या आकड्याची नसून छपराची आहे. २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता आली. २०२२च्या दुरुस्तीने ऊर्जा संवर्धन कायद्याचा अंमल मोठ्या निवासी इमारतींपर्यंत नेण्यात आला. परंतु बांधणाऱ्याला वीजबिल भरावयाचे नसते आणि भाडेकरूला भिंत बदलता येत नाही. त्यामुळे सावली, वारा आणि पांढरे छत यांचा विचार नकाशातच राहून जातो. बांधकाम परवानगी देणाऱ्या नगरपालिकांनी येथे कठोर व्हावयास हवे.

तेव्हा २४ अंशांची सूचना कायम राहावी आणि २० अंशांची मर्यादा कचेऱ्यांना व बाजारपेठांना आधी लागू व्हावी. घरांना मर्यादेपेक्षा माहितीची गरज अधिक आहे. वीजबिलाच्या मागच्या बाजूचे टप्पे आठवी-नववीच्या गणितात यावेत. टक्केवारीचे याहून चांगले उदाहरण कोणते? ज्या नागरिकाला आपल्या बिलातील शेवटचे युनिट कोणत्या दराने पडले हे कळते, त्याचा रिमोट सरकारने हाती घेण्याची वेळ सहसा येत नाही.