चार दिवस की अठ्ठावीस?

नाशिकहून येवल्याकडे निघालात की निफाडनंतर विंचूर लागतं. तुम्हाला ते वाइन पार्कमुळे माहीत असेल; माझं ते आजोळ. लहानपणी मामी कोपऱ्यात चटईवर बसलेली दिसली, की आजी ओरडायची, 'शिवू नकोस गं, कावळा शिवलाय तिला!' मी अंगणभर कावळा शोधत फिरायचे.

परवा मामीला विचारलं, 'वाईट नाही वाटायचं?' ती हसली. 'अगं, चार दिवस कामाला सुट्टी! वाईट असायचे ते आधीचे दिवस. उगाच रडू यायचं, पोरांवर हात उठायचा. तेव्हा कोण बाजूला बसवतंय?'

मामीचं निदान अगदी बरोबर. बीजकोशातून बीज बाहेर पडलं की प्रोजेस्टेरॉन वाढतं. गर्भ राहिला नाही तर ते आणि इस्ट्रोजेन दोन्ही घसरतात. चिडचिड, फुगलेलं पोट, आरशातली 'मी किती जाडी!' हा सगळा पीएमएसचा गोंधळ बहुतेक याच काळातला. पाळी आली की काही दिवसांत ओसरतो. सगळ्याजणींना होत नाही, सारखाही होत नाही. मोजक्या जणींना मात्र इतका तीव्र होतो, की अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये त्याला 'पीएमडीडी' म्हणून स्वतंत्र आजार मानलं.

म्हणजे घराने मोजले भलतेच चार दिवस. आणि ऑफिस? ते तर महिनाभर मोजतं! माझ्या कामाचं क्रेडिट दुसऱ्याला गेलं म्हणून मी मीटिंगमध्ये चिडले, तर शेजारचा कुजबुजला, 'ते दिवस का?' मला स्वतःलाच शंका आली आणि मी चक्क सॉरी म्हटलं. घरी येऊन डायरी पाहिली. पाळीचा दहावा दिवस! हॉर्मोन्स बिचारे निर्दोष होते.

त्याच डायरीत सव्विसाव्या दिवशी 'ड्रेस घट्ट होतोय' म्हणून मैत्रिणीचा साखरपुडा बुडवल्याचीही नोंद आहे. तो दोष मात्र त्यांचाच.

तेव्हा मैत्रिणींनो, दोन महिने रोज एक ओळ लिहा: दिवस कितवा, मूड कसा. पाळीनंतर विरून जातो तो राग सोडून द्या. फारच त्रास असेल तर डॉक्टरांना ती डायरी दाखवा. आणि पाळीनंतरही टिकतो, तो राग खरा. त्याचं काय करायचं?

मी बॉसला मेल केला. सॉरी मागे घेतलं.