पणजोबा एकटेच कसे?

परवा रात्री पावणेदोनला माझ्या लॅपटॉपने जाहीर केलं की आमच्या घराण्यात एकच माणूस आहे. पणजोबा! आजोबा नाहीत, बाबा नाहीत, मी तर नाहीच नाही. मग ही कॉफी कोण पितंय, बॉस?

थांबा, पहिल्यापासून सांगते. आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. हजार पौर्णिमा पाहिल्या की करतात ते, साधारण ८१व्या वर्षी. आमंत्रणाची यादी माझ्या गळ्यात पडली, कारण फ्रीलान्सर म्हणजे रिकामटेकडी असा आमच्याकडे ठाम समज आहे. काका रामकुंडावर आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेले आणि वहीतलं पान उतरवून घेऊन आले. नाशिककरांना नवीन नाही, पण नोकरीसाठी इथे आलेल्यांना सांगते. या उपाध्यायांकडे यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळी असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगायचं, वही उघडते आणि पणजोबांच्या हातची ओळ समोर येते. सॉलिड काटा येतो अंगावर!

पानावर मुलगेच होते. मुली आणि त्यांची मुलंबाळं काकांनी आठवून सांगितली. मग मला हौस आली, हे सगळं पायथॉनमध्ये करायची. मास कॉमला कोडिंग नव्हतं, बातम्यांमधल्या आकड्यांसाठी स्वतःच शिकलेय. म्हणजे अर्धवट.

वंशवेलीतली सगळी नावं गोळा करायची तर रिकर्शन लागतं. फंक्शनने स्वतःलाच हाक मारायची. फंडा सोपा आहे : आपलं नाव लिस्टमध्ये टाक, मग प्रत्येक मुलाला सांग, तूही हेच कर. ज्याला मुलं नाहीत तो नाव टाकून थांबतो. थांबायला विसरलं तर साधारण १००० पायऱ्यांवर पायथॉनच त्याला अडवतं. आमच्या तर जेमतेम पाच पिढ्या!

तरीही उत्तर काय? पणजोबा. एकटे.

डोक्याला शॉट लागला की एक करा : झाड छोटं करा. मी तिघंच ठेवले, पणजोबा, आजोबा, बाबा. प्रत्येक पायरीवर लिस्ट प्रिंट केली. फंक्शन तिघांपर्यंत नीट पोचत होतं. पण रिकामी लिस्ट मी फंक्शनच्या आत बनवली होती, त्यामुळे प्रत्येकाला नवी कोरी पिशवी मिळत होती. बाबांनी आपली पिशवी भरून आजोबांकडे दिली, आजोबांनी ती घेतलीच नाही. आजोबांची पणजोबांनी घेतली नाही. भरलेल्या पिशव्या वाटेतच पडल्या!

मग सगळ्यांना एकच पिशवी दिली. लिस्ट फंक्शनला बाहेरून द्यायची, दिली नाही तर आपोआप रिकामी धरायची. चालवलं. ४१ नावं! रात्री अडीचला मी एकटीच नाचले.

सकाळी आजीच्या माहेरचं झाड घातलं. उत्तर ६४. आजीने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, ‘‘तेवीस. तुझ्या डब्याला माझं माहेर काय ठाऊक!’’

६४ वजा २३? ४१! सासरची अख्खी मंडळी माहेरच्या यादीत घुसली होती. झालं असं, की ती ‘आपोआप रिकामी’ लिस्ट पायथॉन एकदाच बनवतं, फंक्शन लिहिलं जातं तेव्हा. पुढे प्रत्येक वेळी तीच वापरतं. पहिल्या पंगतीचा भात पातेल्यात तसाच, त्यावरच दुसऱ्या पंगतीचा! उपाय एका ओळीचा : आपोआप ‘काहीच नाही’ धरायचं आणि तसं असेल तर आत गेल्यावर नवी लिस्ट करायची. पायथॉन शिकणारे जवळपास सगळेच या खड्ड्यात पडतात म्हणे. माझी इज्जत थोडी वाचली.

आता ४१ आणि २३, चोख. प्रिंट काढून आजीला दिली. तिने चष्मा लावला, बोट फिरवत शेवटपर्यंत गेली, परत वर आली.

‘‘मधली कुठंय?’’

मधली आत्या. १९८७ मध्ये जातीबाहेर लग्न केलं म्हणून आमच्या घरातून बाद झालेली. वहीत नव्हती आणि काकांना ‘आठवली’ नव्हती. आता फंक्शनमध्ये काय शोधणार? जे नाव झाडात टाकलंच नाही ते लिस्टमध्ये येणार कुठून? आणि गंमत म्हणजे एररही येत नाही. यादी एकदम पूर्ण दिसते.

काका पेपरमागे गेले. बाबा गॅलरीत. मी लॅपटॉप उघडला, आत्याचं नाव घातलं, तिची दोन मुलं, एक नात. ४५.

नंबर आजीच्या पोथीत निघाला, पेन्सिलने लिहिलेला. फोन मीच लावला. ओळख सांगितली, कार्यक्रम सांगितला. पलीकडे बराच वेळ काही नाही.

‘‘आईला अजून पुरणपोळी चालते ना गं?’’ आत्या म्हणाली. ‘‘की शुगर आहे?’’

शुगर आहे. पण मी सांगितलं, आण.

तुमच्या यादीत कोण राहिलंय? एकदा आजीला दाखवून घ्या.