उसनी काशी

नदीकाठच्या एखाद्या गावाकडे प्रवाशांचा ओघ वळावा अशी इच्छा सरकारी दफ्तरात एकदा उत्पन्न झाली, की तेव्हापासून त्या गावाच्या घाटावर छायाचित्रकाराचे पाऊल पडेपर्यंत ज्या तजविजी कराव्या लागतात, त्यांचा शिरस्ता आता इतका पक्का झाला आहे की गावाचे नाव कोरे ठेवूनही सगळा आराखडा लिहून काढता यावा. वेळ पहाटेची, पायऱ्यांवर पणत्यांच्या रांगा, रेशमी उपरणी ल्यालेल्या तरुण पुरोहितांच्या हाती मोठाले दीप, वर आकाशात ड्रोन, आणि या सर्वांच्या आड येणाऱ्या वस्तूंचा, म्हणजे वाळत घातलेल्या लुगड्यांचा, डुंबणाऱ्या म्हशींचा, निर्माल्याच्या पिशव्यांचा आणि वाढदिवसाच्या फलकांवरील पुढाऱ्यांच्या हसतमुख मुद्रांचा, दोन तासांपुरता बंदोबस्त. यांपैकी म्हशी त्यातल्या त्यात लवकर हलतात.

हे चित्र वाराणसीचे आहे, हे ओळखावयास तेथे जाऊन यावे लागत नाही. महाराष्ट्रातील नदीकाठांना काशीची उपमा देण्याची रीत जुनीच. वाई ही दक्षिण काशी, पैठण ही दक्षिण काशी, कोल्हापूरही दक्षिण काशीच. नाशिककरांनी दिशा बदलून पश्चिमेची काशी आपल्याकडे घेतली, म्हणून निदान तेवढा एक तंटा वाचला. श्रद्धेच्या प्रांतात या उपमेला कोणाचीही हरकत असण्याचे कारण नाही. पण श्रद्धाळू माणूस उपमा देऊन आपल्याच नदीत बुडी मारीत असे, तर जाहिरातदार उपमेलाच घाटावर आणून उभी करतो आणि नदीला तिची पार्श्वभूमी व्हावयास सांगतो, हा फरक लहान नव्हे.

नदी नसल्यामुळे आमचे गिरगाव-दादर या मोहापासून अलिप्त राहिले असेल, असे कोणास वाटण्याचा संभव आहे. तसे ते राहिलेले नाही. गिरगावापासून हाकेच्या अंतरावर, वाळकेश्वरी, श्रीरामाच्या बाणाने प्रकटली अशी ज्या जलधारेची कथा सांगतात, त्या बाणगंगेचा तलाव आहे. १७१५ च्या सुमारास रामा कामती यांच्या औदार्याने त्या स्थानाचा जीर्णोद्धार झाला, आणि समुद्र इतका निकट असूनही त्याचे पाणी गोडे, हे त्याचे खरे नवल. अलीकडे तेथे काशीच्या धर्तीवर महाआरती होते, ‘मुंबईची काशी’ असा तिचा उद्घोष होतो, आणि जून २०२४ मध्ये तर गाळ काढण्याच्या मिषाने कंत्राटदाराचे अवजड यंत्र थेट पायऱ्यांवरून तलावात उतरविले गेले व शतकानुशतके भाविकांच्या पावलांना न दमलेले दगड एका दिवसात भंगले. प्रकरण पोलिसांत गेले. स्थळ देखणे करावयाच्या कामात स्थळाचाच अडथळा व्हावा, याचे इतके ढळढळीत उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

तथापि या उसनवारीचा एक प्रकार असा आहे की ज्याची आम्हां मुंबईकरांनी लाज न बाळगता कबुली द्यावी, कारण त्याचा उगमच आमच्या वस्तीत आहे. राजा हरिश्चंद्राची कथा काशीपर्यंत जाते. ती पडद्यावर आणणाऱ्या दादासाहेब फाळक्यांचा संच मात्र दादरच्या आपल्या कार्यशाळेतून निघाला तो बाह्यचित्रणासाठी कल्याणपलीकडच्या वांगणीस जाऊन थांबला. तेथे ढाल-तलवारी घेतलेली ही मंडळी पाहून गावकऱ्यांनी त्यांस दरोडेखोर ठरविले आणि प्रकरण फौजदारापर्यंत गेले, असे सांगतात. चित्रीकरणाची परवानगी ‘एक खिडकी’तून मिळण्याच्या आधीच्या काळात ती अशा रीतीने मिळत असे. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात जमलेल्या प्रेक्षकांनी या हरिश्चंद्राबरोबर साळुंके नावाच्या पुरुषाला तारामती म्हणूनही विनातक्रार पत्करले. तेव्हा कोकणातल्या गावाने पुराणकाळ म्हणून उभे राहावे, यात त्यांना काही वावगे वाटले नसेल.

तेव्हापासून हा व्यवहार अव्याहत चालू आहे, आणि त्यात सर्वांत अधिक राबली ती वाई. २००४ च्या ‘स्वदेस’मध्ये वाईशेजारच्या मेणवलीचा घाट उत्तर प्रदेशातील चरणपूर झाला, त्याच्या आदल्या वर्षी ‘गंगाजल’मध्ये याच परिसराने बिहारातील तेजपूरची भूमिका केली, २०१० च्या ‘दबंग’साठी त्याने पुन्हा उत्तरेचा वेष चढविला. कृष्णेला गंगेचे काम देण्यात आले आणि तिने ते कोणतीही अट न घालता वठविले. परिणाम असा, की देशातील कोट्यवधी माणसांनी वाई पाहिली आहे आणि त्यांपैकी फार थोड्यांना ती पाहिल्याचे ठाऊक आहे. इतक्या वेळा छायाचित्र काढले गेलेले आणि इतके अनोळखी राहिलेले दुसरे गाव या राज्यात क्वचितच असेल.

आता यातली मौज पाहावी. चित्रपटवाले एवढा खर्च करून वाईस जातात ते तिथे नांदता घाट आहे म्हणून. आणि ज्या गोष्टींनी घाट नांदता दिसतो त्या ऐन वेळी कमी पडल्याच, तर धुणे धुणाऱ्या बाया, उघडी पोरे आणि प्रसंगी म्हशीसुद्धा ते रोजंदारीने आणतात. पर्यटनाची प्रसिद्धी करणारे तेथेच जाऊन नेमके हेच सारे हलवितात. एकाने पैसे मोजून जे गाव उभारले ते दुसऱ्याने पैसे मोजून पुसावे, आणि दोघांच्याही दृष्टीसमोर शेवटी काशीच असावी! या दोन खर्चांची कधी एकत्र बेरीज झाल्याचे ऐकिवात नाही.

काशीची कल्पना क्षणभर बाजूस सारली, तर वाईच्या आराखड्यात काय काय लिहिता येईल? ढोल्या गणपतीचे देऊळ १७६२ मध्ये गणपतराव रास्त्यांनी बांधले, आणि त्याची मागील भिंत अशी निमुळती केली की कृष्णेच्या पुराचा लोंढा तिच्यावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावा. म्हणजे ते देऊळ पाहावे भर पावसाळ्यात, जेव्हा छायाचित्रकारांचा हंगाम संपलेला असतो. मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेतली ती लूट, तिच्यावर १७०७ हे साल आणि मेरीमातेची बालकासह आकृती. आरतीच्या चित्रात ही घंटा कोठे बसवावी, हा पेच आराखडा करणाऱ्यास पडेल. नानांना तो पडला नव्हता. मराठी विश्वकोश ज्या गावी बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी सिद्ध केला ते गावही हेच. पण कोशाचे छायाचित्र घेण्यास ड्रोन निरुपयोगी, म्हणून तो विषय आम्ही पुढे रेटत नाही.

आणि माणसांची गर्दीच हवी असेल तर हिवाळा सरता सरता कृष्णाबाईचा उत्सव येतो. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी बोललेल्या नवसाशी त्याचे मूळ जोडले जाते. तो गावाच्या सात घाटांवर, आळीआळीने, एकामागून एक होतो, त्यामुळे आज एक घाट चुकलाच तर पुढचा मिळतो. मांडव, प्रसादाच्या पंगती, गर्दी आणि पाण्यावरचा उजेड यांची व्यवस्था त्या त्या आळीने आधीच केलेली असते, आणि तिच्यासाठी कोणत्याही महामंडळाची मंजुरी लागत नाही. दोरीवरची लुगडी जागच्या जागी ठेवून चित्र घेण्यापुरती मात्र परवानगी मागावी लागेल. तो अर्ज ‘एक खिडकी’कडे न करता लुगड्याच्या मालकिणीकडे करावा. निकाल तात्काळ मिळेल, तोंडी मिळेल, आणि त्यावर अपील चालणार नाही.