मेमरी म्हणजे नुसता वेग नव्हे

कोकणातल्या लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत डिस्पॅचच्या टेबलावरचा संगणक रखडायला लागला की सल्ला ठरलेला असतो: अँटीव्हायरस बंद कर, अपडेट थांबव, नाहीतर सरळ रॅम वाढव. उपाय तीन, पण त्यांच्यामागची समजूत एकच: मेमरी म्हणजे वेग. ही समजूत अर्धीच खरी आहे. जिथे भिंतीपलीकडे सॉल्व्हंटच्या टाक्या आणि रिअॅक्टर उभे आहेत, तिथे उरलेलं अर्धं विसरणं मला धोक्याचं वाटतं.

खरं आहे तेवढं आधी मान्य करू. रॅम अपुरी पडली की ऑपरेटिंग सिस्टीम मेमरीतली काही पानं डिस्कवर टाकते आणि लागतील तशी परत आणते. रॅममधून माहिती मिळायला सेकंदाचा साधारण एक कोटीवा भाग पुरतो. फिरत्या हार्डडिस्कला कित्येक मिलिसेकंद लागतात, म्हणजे हजारो पट वेळ. दोन जीबीच्या यंत्रावर टॅली, ब्राउझर आणि जीएसटीचं पोर्टल एकदम उघडलं की ते अडतं ते याचमुळे. तिथे रॅम वाढवल्याचा फरक लगेच दिसतो. पण मुळात मेमरी अपुरी नसेल, तर आणखी रॅम घालून फारसं काही साधत नाही. ३२-बिट विंडोज असेल तर आठ जीबी बसवूनही ती चार जीबीच्या आतच राहते. ‘मेमरी साफ’ करणाऱ्या सॉफ्टवेअरचं तर मला कधीच पटलेलं नाही. प्रणाली मोकळ्या रॅममध्ये नुकत्याच वाचलेल्या फायली मुद्दाम ठेवते. त्या पुसल्या की पुन्हा डिस्ककडेच धाव घ्यावी लागते.

आता विसरलेला भाग. एका प्रोग्रामने दुसऱ्याच्या मेमरीत हात घालू नये, ही राखण ऑपरेटिंग सिस्टीम अहोरात्र करत असते. नुसत्या माहितीसाठी असलेल्या जागेतून ती आज्ञा चालू देत नाही. प्रोग्रामचे भाग कुठे बसतील याचा अंदाज येऊ नये म्हणून ती त्यांच्या जागा बदलत ठेवते. ६४-बिट प्रणालीत पत्त्यांचा विस्तार अफाट असल्याने हा अंदाज फारच अवघड होतो. मायक्रोसॉफ्टच्याच अभियंत्यांनी २०१९ मध्ये सांगितलं होतं की कंपनी दरवर्षी बुजवते त्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या हाताळणीतल्या असतात.

याचा फटका आपल्या किनाऱ्यालाही बसला आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ने न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं एपीएम टर्मिनल्सचं काम ठप्प केलं. ते काही तिथे रॅम कमी होती म्हणून नव्हे. हा व्हायरस दोन वाटांनी पसरत होता आणि दोन्ही मेमरीतून जात होत्या. एक, विंडोजच्या फाइल-शेअरिंगमध्ये ठरलेल्या जागेबाहेर माहिती ओतण्याची त्रुटी. दुसरी, चालू संगणकाच्या मेमरीत असलेली पासवर्डांची माहिती उचलणं. पहिल्या त्रुटीची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. पण एका मागास यंत्रातून उचललेल्या पासवर्डने दुरुस्त केलेली यंत्रंही पडत होती. म्हणजे डिस्पॅचच्या एका संगणकावर थांबवलेलं अपडेट ही त्या टेबलापुरती बाब राहत नाही. अँटीव्हायरस काहीशे एमबी खातो हे खरं. पण तेवढ्यासाठी त्याला हटवणं म्हणजे पगार वाचवायला रात्रीचा वॉचमन काढणं. त्याला जागा करून देण्यासाठी रॅम घ्यावी, आणि रॅम वाढवण्याचं माझ्या मते सर्वांत सबळ कारण हेच.

यावर प्लांटमधल्या मंडळींचा आक्षेप असतो, आणि तो पोकळ नाही: कंट्रोल रूमचं सॉफ्टवेअर जुन्याच विंडोजवर चालतं, अपडेट केलं आणि बंद पडलं तर बॅच वाया जाईल. मान्य. तिथे बेधडक अपडेट करा असं कुणी शहाणा म्हणणार नाही. पण मग ते यंत्र ऑफिसच्या नेटवर्कपासून तोडलं पाहिजे, आणि त्यात कुणाचाही पेन ड्राइव्ह जाता कामा नये. २०१७ मध्येच सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात ‘ट्रायटन’ नावाचा घातक प्रोग्राम सापडला. त्याचा रोख थेट अपघात टाळणाऱ्या सुरक्षा-नियंत्रकांवर होता, त्यांच्या मेमरीत तो स्वतःचा कोड घुसवत होता.

ऑफिसच्या यंत्रांना मात्र ही सबब नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ किमान चार जीबी रॅम मागते, पण रोजच्या कामाला आठ जीबी धरूनच चालावं. हा खर्च ज्याला जड वाटतो त्याने आधी एवढंच पाहावं, की डिस्पॅचच्या त्या जुन्या संगणकापासून निघालेली केबल कंट्रोल रूमच्या स्विचला जाऊन मिळते का.